फर्श आणि फरशी

लखनौच्या जुन्या उर्दू गद्यात एक साधं वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं : ‘फर्श बिछा दिया गया.’ ते मराठीत कसं आणायचं? ‘फरशी घातली गेली’ असं लिहिलं, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे थापी आणि घमेलं घेतलेला गवंडी उभा राहील. मुळात तिथे एक नोकर गुंडाळी सोडून सतरंजी पसरतो आहे, तिच्यावर पांढरीशुभ्र चादर ताणतो आहे, भिंतीशी लोड ठेवतो आहे. आपल्याकडे या कामाला ‘बैठक घालणे’ म्हणतात. दोन्ही शब्द निघाले एकाच घरातून. अरबीत फ-र-श या धातूचा अर्थ अंथरणं, पसरणं. लखनौने तो शब्द मऊ ठेवला, मराठीने त्याचा दगड केला. आजच्या हिंदीतही फर्श टणक झाला आहे म्हणा. पण पार जमिनीपर्यंत वाकून केलेला तो फर्शी सलाम आणि जमिनीवर लोळणारा फर्शी पायजमा इथल्या बोलण्यात अजून आहेत.

सध्या या शब्दाच्या दोन्ही अर्थांशी माझी रोजची गाठ आहे. शहराच्या दक्षिणेला, रायबरेली रस्त्यालगत, आवास विकास परिषदेने वसवलेल्या वृंदावन योजनेत आमचं घर आहे. (मराठी माणसाला हा पत्ता सांगताना मला मौज वाटते. आपलं वृंदावन अंगणात मावतं. इथल्या वृंदावनात सेक्टरमागून सेक्टर मावले आहेत.) गेल्या वर्षी सोलापूरहून आई कायमची आमच्याकडे आली. वय शहात्तर. जानेवारीत, नुकत्याच पुसलेल्या हॉलमध्ये चकचकीत टाइल्सवर तिचा पाय सरकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघून बरेच दिवस झाले, पण ती अजून भिंत धरून चालते आणि खाली बसत नाही. खाली बसत नाही म्हणजे मेथी निवडत नाही, वाती वळत नाही, नातीबरोबर पत्ते खेळत नाही. सोफ्यावर बसते, पाहुण्यासारखी.

तेव्हा फरशी बदलायची ठरलं. त्यासाठी टाइल्सची दुकानं पालथी घातली. दुकानदार खोलीचं माप विचारतो, रंग विचारतो, बजेट विचारतो. फर्निचरवाला भिंतीची लांबी विचारतो. या घरात कोण कुठे आणि किती उंचीवर बसतं, हे दोघांपैकी एकही विचारत नाही. आपल्या घरांचा इतिहास पाहिला, तर हाच प्रश्न पहिला असायचा.

शिवकाळातल्या अठरा कारखान्यांच्या यादीत तोफखाना, पीलखाना, मुदबखखाना यांच्या पंगतीत फरासखानाही आहे. तंबू, जाजमं, गालिचे, पडदे, चांदवे सांभाळणारं हे खातं, आणि ते अंथरणारा तो फरास. पुण्यात बुधवार चौकाजवळच्या पोलीस ठाण्याला आजही फरासखाना म्हणतात. तिथे तक्रार द्यायला जाणाऱ्याला गालिच्यांची आठवण होण्याचं कारण नाही. पण राज्याला अंथरुणांचं स्वतंत्र खातं लागत होतं याचा अर्थ सरळ आहे : तेव्हाचं फर्निचर म्हणजे प्रामुख्याने अंथरलेली जमीन. सकाळी तीच कचेरी, दुपारी पंगत, रात्री निजायची खोली. सामान गुंडाळलं की खोली मोकळी. लखनौतही हेच. अब्दुल हलीम शरर यांनी 1913 पासून ‘दिलगुदाज’ मासिकात जुन्या लखनौवर जी लेखमाला लिहिली, तिच्यातलं घर तख्त, दरी, तिच्यावरची पांढरी चांदनी आणि पाठीशी गावतकिया यांनी सजतं. ही चांदनी वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर घडीव दगडाची वजनं ठेवत. त्यांचं नाव मीर-ए-फर्श, अंथरुणाचे सरदार! निव्वळ वजन म्हणून ठेवलेल्या दगडाला इतकं भारदस्त नाव लखनौच देऊ जाणे.

या बैठकीचं आपल्याकडचं सर्वांत प्रसिद्ध चित्र एका इंग्रजाने काढलेलं आहे. 1790 मध्ये पुणे दरबारात चार्ल्स मॅलेटने केलेल्या तहाचा प्रसंग थॉमस डॅनियलने 1805 मध्ये रंगवला. तो स्वतः तिथे नव्हता. जेम्स वेल्सने करून ठेवलेली रेखाटनं त्याच्या हाताशी होती. शनिवारवाड्याचा गणेश महाल, मधोमध सवाई माधवराव, आणि सगळा दरबार जमिनीवर. इंग्रज वकीलही जमिनीवर. त्या तंग विजारी घालून ही मंडळी किती वेळ मांडी घालून बसली असतील, हा विचार ते चित्र पाहताना माझी पाठ सोडत नाही. उत्तर काही अंशी लॉर्ड व्हॅलेंशियाकडे मिळतं. 1802 ते 1806 या काळात तो हिंदुस्थान, तांबडा समुद्र असा फिरला आणि 1809 मध्ये त्याने प्रवासवर्णन छापलं. पुण्यात दुसऱ्या बाजीरावापुढे त्याला जोडे काढून, तळवे दिसणार नाहीत अशा बेताने पाय दुमडून बसावं लागलं, आणि ते त्याला जड गेलं. त्याच प्रवासात तो लखनौलाही येऊन गेला होता. तिथे नवाब सआदत अली खानाने त्याला विलायती थाटाच्या टेबलाशी जेवू घातलं. एकच पाहुणा, दोन दरबार, दोन उंच्या. सआदत अली 1798 मध्ये इंग्रजांच्या मदतीने गादीवर आला होता आणि त्याबद्दल निम्म्याच्या आसपास मुलूख त्याने 1801 मध्ये कंपनीला देऊन टाकला होता. टेबल-खुर्चीची आवड ही केवळ आवड नव्हती, असं म्हणायला जागा आहे. अर्थात जमिनीवर बसून पेशवाईही वाचली नाही.

दरबाराच्या खालची जमीन कशाची होती, हेही पाहू. महाराष्ट्राचा मोठा भाग लाव्ह्याच्या काळ्या खडकावर बसलेला आहे. हा बेसाल्ट भिंतींना उत्तम, पायऱ्यांना उत्तम, जात्या-पाट्यालाही चालतो. पण त्याचे पातळ, सपाट तक्ते सहज सुटत नाहीत. म्हणून पायाखाली एवढा दगड असूनही मराठी घराची जमीन शतकानुशतकं मातीचीच राहिली. लखनौची अडचण उलटी. गोमतीकाठी गाळाची माती. खणत गेलं तरी दगड लागत नाही. इथला बडा इमामबाडा 1784 मध्ये सुरू झाला तो पातळ लखौरी विटा आणि चुना यांच्या भरवशावर. एका गावाला दगड फाडता येत नव्हता, दुसऱ्याला मिळतच नव्हता. दोघांनीही मग जमिनीवर कापड पसरलं.

मातीच्या जमिनीबद्दल आता फार हळवेपणाने लिहिलं जातं. मुरूम आणि माती पसरून, पाणी मारून, चोपण्याने दिवस दिवस चोपायची, आणि मग शेणाने सारवायची. सारवण धूळ धरून ठेवतं, भेगा भरतं, पायाला उबदार लागतं, हे सगळं खरं. तसंच ते दर चार-आठ दिवसांनी पुन्हा करावं लागतं, हेही खरं; आणि ते उकिडवं बसून, मागे मागे सरकत, एका हाताने अर्धवर्तुळं काढत करायची ती बाईच. सणाच्या आदल्या दिवशी सगळं घर. आईची आजी सारवून उठताना कंबरेवर हात ठेवून थोडा वेळ तशीच वाकलेली उभी राहायची, सरळ व्हायला वेळ लागायचा, असं आई सांगते. नातवंडांना तो खेळ वाटायचा.

या कामातून सुटका केली ती रेल्वेने. पुणे, सोलापूर, गुलबर्गा असं करत जी.आय.पी. कंपनीचा लोहमार्ग 1871 मध्ये रायचूरला पोचला. वाटेत, तेव्हाच्या निजामाच्या मुलखात, शहाबाद. तिथला चुनखडक थराथरांनी बसलेला आहे, वहीच्या पानांसारखा. पहार घातली की सपाट तक्ता सुटतो, करवत लावावी लागत नाही. (त्याच चुनखडकापायी पुढे तिथे सिमेंटचा कारखाना आला.) वॅगन भरभरून ही फरशी मराठी मुलखात उतरली आणि इतकी रुळली, की शहाबाद हे गाव आहे हे कित्येकांच्या ध्यानातच नाही. मागून कडप्पा आला, कोटा आला, तांदूर आला. आपल्या घरातल्या जवळजवळ प्रत्येक दगडाला परप्रांतातल्या गावाचं नाव आहे.

सोलापूरच्या आमच्या घरात शहाबादीच होती, निळसर करडी. मे महिन्यात पारा बेचाळिसावर गेला की आई दुपारी ओल्या फडक्याने फरशी पुसायची, खिडक्या लोटायची, आणि आम्ही सगळे उशीसुद्धा न घेता आडवे व्हायचो. दगड अंगातली उष्णता झपाट्याने ओढून घेतो; लाकूड किंवा सारवलेली माती सावकाश घेते. खोलीचं तापमान तेच असतं, पायाला फरक कळतो. सोलापूरच्या मे महिन्यात हा दगडाचा गुण. लखनौच्या जानेवारीत, दिवस दिवस धुकं हटत नाही आणि रात्री पारा पाच-सहावर येतो, तेव्हा तोच अवगुण. आमच्या सोसायटीत सगळे हिवाळाभर घरात मोजे आणि चपला घालून फिरतात. मी आलेल्या पहिल्या वर्षी मला ते सोवळ्या-ओवळ्याच्या दृष्टीने विचित्र वाटलं होतं. एक जानेवारी काढल्यावर काही विचित्र वाटेनासं झालं.

दगडानंतर सिमेंट. मुंबईच्या अफगाण चर्चमध्ये पाहायला मिळतात तशा मिंटनच्या नक्षीदार टाइल्स इंग्लंडहून येत. त्यांना देशी पर्याय म्हणून 1922 मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवा या काका-पुतण्यांनी भारत टाइल्स सुरू केली. स्वदेशीच्या भरातलं हे धाडस. यातली टाइल भट्टीत भाजत नाहीत. धातूच्या साच्याच्या कप्प्यांत रंगीत सिमेंट ओततात, साचा उचलतात, वर कोरडं मिश्रण भरून दाबयंत्रात दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. रंग वरवरचा नसतो, चांगला जाड असतो. म्हणून माजघरातली नक्षी तीन पिढ्यांच्या पायांखालीही पुसली जात नाही. मग संगमरवराच्या चुरीची मोझाइक आली, घासयंत्राच्या त्या कर्कश आवाजासकट. आणि शेवटी, नव्वदीनंतर, व्हिट्रिफाइड. मोरबीच्या भट्ट्यांत बाराशे अंशांच्या आसपास भाजलेली ही टाइल काचेसारखी एकजीव होते, पाणी जेमतेम अर्धा टक्का पिते. डाग पडत नाही, पुसायला सोपी, शेणसारवणाच्या दुसऱ्या टोकाची वस्तू. पण जे पाणी टाइल पीत नाही ते तिच्यावरच थांबतं, पातळ थर होऊन. आईचा पाय त्या थरावर पडला.

जमीन अशी गुळगुळीत आणि थंड होत गेली, त्याच काळात माणसं तिच्यावरून उठत गेली. खुर्ची आपल्याकडे बसण्याचं साधन म्हणून येण्याआधी अधिकार म्हणून आली. इंग्रजी अमलात उत्तर हिंदुस्थानात ‘कुर्सीनशीन’ नावाचा दर्जा होता : साहेबाच्या भेटीला गेल्यावर ज्याला खुर्ची मिळेल असा माणूस. त्याचे लेखी दाखले देत, आणि लोक ते फ्रेम करून ठेवत. मराठीत आजही ‘खुर्ची गेली’ म्हटलं की कुणी फर्निचरवाल्याला फोन करत नाही.

जमिनीवर बसणं हे तरी सगळ्यांना सारखं कुठे होतं? पंगतीत पाट कुणाला, नुसती जमीन कुणाला, आणि उंबऱ्याबाहेर कोण, हे ठरलेलं असे. डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत साताऱ्याच्या शाळेतलं गोणपाट नोंदवलं आहे. वर्गात इतरांपासून वेगळं, कोपऱ्यात बसायचं, ते स्वतःच्या गोणपाटावर. आणि संध्याकाळी ते घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावणार नाही. भारतीय बैठकीचं कौतुक करणारी सुबक पुस्तकं माझ्याकडे चार-पाच आहेत. त्यांतल्या एकातही हे गोणपाट नाही. माझ्या मते अंथरुणांच्या इतिहासात ते डॅनियलच्या चित्राशेजारी ठेवायला हवं.

बाईचं उठणं आणखी वेगळं. चुलीपुढचा पाट सोडून ती कडप्प्याच्या ओट्याशी उभी राहिली, ती पन्नास-साठच्या दशकांत, आधी मुंबईच्या ब्लॉकमध्ये आणि गॅस येईल तसतशी गावोगाव. धूर गेला, उठबस वाचली. त्या बदल्यात तास तास उभं राहणं आलं. दोन्हींच्या मध्ये, म्हणजे टेकून बसून पोळ्या लाटता येतील अशी उंची, आपल्या स्वयंपाकघराने कधी शोधलीच नाही. बाकी घरात मात्र उंच्या भराभर आल्या. गोदरेजने 1923 मध्ये लोखंडी कपाटं करायला घेतली आणि ट्रंका हलल्या. लोखंडी कॉट, घडीची खुर्ची, मग सोफा. सोफा हाही मुळात अरबी ‘सुफ्फा’, म्हणजे जमिनीपासून थोडा उचललेला, अंथरलेला चौथरा. दिवाण तर विलक्षण शब्द. राज्याचा मंत्री तो, दरबार तो, उर्दू कवीचा काव्यसंग्रह तो, आणि ज्यात रजया भरून वर पाहुणा झोपवायचा तो खोकाही तोच.

मला आवडतो तो तख्त. आपल्याकडे तख्त म्हणजे सिंहासन. दिल्लीचं फोडायचं ते. वाड्यांमध्ये मात्र तक्तपोशी होती, डोक्यावर, तुळयांना मारलेल्या फळ्यांची. लखनौत तख्त हे घरोघरीचं सामान आहे : चार किंवा सहा पायांचा लाकडी चौथरा, गुडघ्याइतका उंच, चार जण मांडी घालून बसतील एवढा. त्यावर दरी, दरीवर चादर. हे जमिनीचंच एक तुकडा वर उचललेलं रूप. इथे भाजी निवडता येते, पत्ते मांडता येतात, दुपारची डुलकी काढता येते, आणि उठताना पाय आपोआप जमिनीवर टेकलेले असतात. गाणंही होतं. भातखंड्यांनी 1926 मध्ये कैसरबागेत मॅरिस कॉलेज उभं केलं आणि रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षं चालवलं. मुंबईहून आलेल्या या मराठी मंडळींना लखनौची बैठक परकी वाटली नसणार. वर्ग भरायचे ते दरीवरच.

या सगळ्या वाचनाचा आमच्या घरात झालेला उपयोग सांगते, कारण शेवटी दुकानात जाऊन काहीतरी घ्यावंच लागतं. हॉलमधली सगळी टाइल उखडायचा विचार सोडला. राडारोडा, खर्च, आणि तितकी गरज नाही. न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि तिथून आईच्या खोलीपर्यंतचा पट्टा, म्हणजे जिथे पाणी सांडतं आणि ओल्या पायांनी चाललं जातं, तेवढ्या भागात पॉलिश न केलेला खरखरीत कोटा. दुकानदाराने नाक मुरडलं. ‘मॅडम, ये तो लोग छत पे लगवाते हैं.’ लावू दे. न्हाणीत फरशीचे तुकडे मुद्दाम लहान, कारण जितक्या सांधी जास्त तितकी पायाला पकड जास्त, शिवाय उतारही नीट देता येतो. खोली आणि पट्टा यांच्या मध्ये उंबरा नाही. अर्ध्या इंचाची पायरी दिसत नाही आणि तीच पाडते. आईच्या खोलीत लाकडी फळ्यांचा मोह झाला होता, थंडीसाठी. पण इथल्या पावसाळ्याची दमट हवा आणि वाळवी पाहता तो सोडून दिला. हिवाळ्यात दरी अंथरायची, उन्हाळ्यात गुंडाळायची, म्हणजे फरासाचं काम आपणच करायचं. दरीखाली न सरकणारी जाळी मात्र हवीच. मीर-ए-फर्श ठेवले तर त्यांनाच ठेच लागायची.

सोफा एक विकला. त्या जागी तख्त करायला घेतला. सुतार घरी आला, त्याने शिसवाच्या, शिशमच्या गोष्टी सांगितल्या आणि अठरा इंचांचा आकडा टाकला, कारण पलंग अठराचे असतात. आई तेव्हा खुर्चीवर बसली होती. तिने साडी सारखी केली, पाय जमिनीवर सपाट टेकवले आणि गुडघ्यामागे हात लावून म्हणाली, ‘भैया, यहाँ तक.’ त्याने टेप लावली. साडेपंधरा भरले. दरीची जाडी धरून पंधरा करा म्हणाली.

दरी कुठली, हे अजून ठरलेलं नाही. इथून जवळ सीतापूर, तिथल्या दऱ्या नावाजलेल्या. सोलापूरहून जमखाना मागवावा असं मला वाटतं. तो धुवायला जड जातो आणि लखनौच्या थंडीत चार दिवस वाळत नाही, असं आईचं म्हणणं आहे. तख्ताला पॉलिश झाल्यावर बघू.